पापनाशमचं कोठार : तीन हजार कलम भाताची गोष्ट



आजचं आपलं गाव पापनाशम. नाव ऐकल्याबरोबर तुमच्यातल्या सिनेमावाल्यांच्या डोळ्यांसमोर कमल हासन आला असणार. 'दृश्यम'ची तमिळ आवृत्ती २०१५ साली आली, तिचं नावच 'पापनाशम'. पण ते पापनाशम वेगळं. ते तिरुनेलवेलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं, ताम्रपर्णीच्या काठावरचं. आपलं पापनाशम तंजावर जिल्ह्यातलं. इथे डोंगर नावाला नाही. जिकडे पाहाल तिकडे पाण्यात उभं भात, मधून मधून केळी, नारळ आणि विड्याच्या पानांचे मळे. तंजावरहून पंचवीस किलोमीटर, कुंभकोणमहून पंधरा. तालुक्याचं ठिकाण आहे, रेल्वे स्टेशन आहे, बाजार आहे.

आपली मंडळी तंजावरला खूप जातात, आता तर जास्तच. ठरलेला कार्यक्रम असतो. बृहदीश्वराचं देऊळ, तिथला १८०३ सालचा भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजीराजांचा पुतळा. दुसऱ्या दिवशी गाडी करून कुंभकोणम. या दोन्हींच्या मध्ये पापनाशम येतं आणि मागे जातं. ड्रायव्हर थांबवत नाही, कारण थांबवा असं कोणी म्हणत नाही. फार तर डिग्री कॉफीची पाटी दिसली की थांबतात.

मी तुम्हाला इथे उतरवणार आहे, ते एका गोदामासाठी. हसू नका. गोदामच आहे. भाताचं कोठार.

तिकडे जाण्याआधी थोडं गावाबद्दल. पापनाशम म्हणजे पापांचा नाश. कथा आपल्या ओळखीच्या रामाची आहे. युद्ध संपलं, रामेश्वरला पूजा झाली, तरी हत्येचा दोष पाठ सोडेना. म्हणून इथे एकशे आठ लिंगं स्थापली, अशी स्थळकथा. त्या देवळाला एकशे आठ शिवालय म्हणूनच ओळखतात आणि लिंगं खरोखरच ओळीनं मांडलेली आहेत. मोजायला बसलात तर अर्धा तास सहज जातो. दुसरं देऊळ त्याहून जुन्या परंपरेतलं, तिरुप्पालैत्तुरै भागातलं पालैवननाथाचं. सातव्या शतकातल्या अप्पर या शैव संतांनी त्यावर पदं रचली आहेत, म्हणून शैवांच्या यादीत त्याला मान आहे. गावाला पाणी कुडमुरुट्टी नदीचं. ही कावेरीचीच फांदी. तंजावरच्या मुलखात कावेरी एक नदी राहत नाही, तळहातावरच्या रेषांसारखी फुटत जाते.

गावाचं नाव देशभर गेलं ते एका संगीतकारामुळे. पापनाशम शिवन. त्यांचा जन्म १८९० चा, पोलगम गावचा, म्हणजे पापनाशमचा नाहीच. नाव रामय्या. इथे राहिले, गाव नावाला चिकटलं ते कायमचं. मराठी माणसासाठी त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगून पुढे जातो. १९४४ साली 'हरिदास' नावाचा तमिळ चित्रपट आला. मद्रासच्या एकाच थिएटरात तो तीन दिवाळ्या पाहून उतरला. त्याची गाणी शिवन यांची. आईबापांना छळणारा मुलगा पुढे पाय गमावतो, आईबापांच्या सेवेला लागतो आणि दारी आलेल्या देवाला थांबायला सांगतो, अशी गोष्ट. ओळखलीत ना? आपला पुंडलिक, तमिळ पोशाखात.

आता कोठार.

पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात विटांची एक गोल इमारत उभी आहे. वर निमुळती होत गेलेली, साधारण छत्तीस फूट उंच. खांबांवर यक्ष-यक्षिणी, कळसावर सोनं असलं काही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वीटभट्टीची किंवा मोठ्या कणगीची आठवण होते, आणि कणगीची आठवण अगदी बरोबर आहे. बांधली नायकांच्या काळात, १६०० ते १६३४ च्या दरम्यान. तंजावरच्या गादीवर तेव्हा रघुनाथ नायक होता. म्हणजे शिवाजी महाराज जन्मले तेव्हा हे कोठार एक तर उभं होतं, नाहीतर उभं राहत होतं. आज तमिळनाडू सरकारच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित स्मारक ठरवलं आहे. मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे किल्ल्याला संरक्षण मिळतं, देवळाला मिळतं. धान्याच्या कोठाराला स्वतंत्रपणे स्मारक म्हणायला थोडा वेगळा विचार लागतो.

त्याची क्षमता सांगतात तीन हजार कलम.

हा कलम म्हणजे लेखणी नव्हे, कायद्याचं कलम तर नव्हेच. तमिळ मुलखातलं ते धान्याचं माप आहे. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. आपल्याकडे शेर, पायली, मण, खंडी, तसं. अठराव्या शतकातले युरोपीय लोक एक कलम म्हणजे साधारण साठ पौंड वजन धरत. तीन हजार कलम म्हणजे ऐंशी टनांच्या आसपास भात. आजच्या हिशेबानं दहा टनी आठ ट्रक. आणखी एक हिशेब करून पाहू. भात कांडलं की तांदूळ दोन तृतीयांश उरतो. माणशी रोज अर्धा किलो तांदूळ धरला, तर एवढ्या भातावर तीनशेच्या आतबाहेर माणसं वर्षभर जेवतील.

इथे भाषेची एक गंमत. मी मघापासून 'भात' म्हणतोय आणि तुमच्यापैकी मुंबई-पुण्यातल्या मंडळींना ताटातला वाफाळता भात दिसत असणार. आपल्याकडे शेतातलाही भात आणि ताटातलाही भात. तमिळमध्ये असा गोंधळ चालत नाही. टरफलासकटचं ते 'नेल्', कांडलेला तो 'अरिसि', शिजलेलं ते 'सोरु'. ज्याच्यावर जगायचं त्याला दर टप्प्यावर वेगळं नाव.

कोठाराचा आकार मुद्दाम सांगितला. तीनशे माणसांचं वर्षाचं अन्न ही राजाच्या युद्धाची बेगमी नव्हे. तुम्ही पन्हाळ्याचा अंबारखाना पाहिला असेल. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या. त्यातली गंगा कोठी सगळ्यात मोठी, पंचवीस हजार खंडीची म्हणतात. उंचीला ती आपल्या पापनाशमच्या कोठाराएवढीच, पस्तीस फूट. पण तिचं काम वेगळं. वेढा पडला तर किल्ला जगला पाहिजे, यासाठी ती होती. पापनाशमचं कोठार देवळाचं. देवळाच्या जमिनींवरचा वाटा सुगीला इथे यायचा. त्यातून नैवेद्य व्हायचा, पुजाऱ्यापासून वाजंत्र्यांपर्यंत आणि फुलं ओवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा पगार मापानं दिला जायचा. अशा कोठारांची रीत साधी असते. वरच्या तोंडातून भरायचं, खालच्या तोंडातून काढायचं. जुनं आधी बाहेर येतं आणि नवं वर बसतं. आज गोदाम व्यवस्थापनाच्या वर्गात जे शिकवतात ते हेच.

आता एक वळण घेतो, आणि ते इंग्लंडमधून येणार आहे. जरा सोबत राहा.

इंग्लंडमध्ये बाजारगाव म्हणून गावांची एक जातच आहे. मध्ययुगात राजाची सनद मिळाली की त्या गावाला आठवड्याचा बाजार भरवायचा हक्क मिळायचा. चौकात दगडी क्रूस, कुठे धान्याच्या सौद्यांसाठी बांधलेला दिवाणखाना, कुठे खांबांवर उभी बाजाराची माडी. आज ही गावं आपला इतिहास फार जपून ठेवतात. हौशी लोकांची मंडळं असतात, दोन खोल्यांचं वस्तुसंग्रहालय असतं, घरांवर पाट्या असतात. मला त्याचं कौतुक आहे. चार हजार वस्तीचं गाव स्वतःचा जाडजूड इतिहास छापतं, तेव्हा आपण आपल्या तालुक्यांचं काय केलं हा प्रश्न पडतोच. पण अशा गावाचा इतिहास गावाच्या वेशीवर संपत नाही, हे तिथेही क्वचितच सांगितलं जातं.

उदाहरणार्थ क्रिकलेड. विल्टशर परगण्यात, थेम्स नदी अजून ओढ्याएवढी असते तिथलं लहानसं बाजारगाव. १७८० साली या गावाचा खासदार म्हणून पार्लमेंटात कोण गेला? पॉल बेनफिल्ड. आणि बेनफिल्डकडे पैसा आला कुठून? त्याचा एक मोठा हिस्सा आपल्या तंजावरच्या शेतातल्या उभ्या पिकावर सांगितलेला होता.

ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मराठी पुस्तकांत ती दोन ओळींत उरकतात.

१६७६ पासून तंजावरवर भोसल्यांचं राज्य. व्यंकोजीराजे, शहाजी, पहिले सरफोजी, तुकोजी, प्रतापसिंह आणि १७६३ पासून तुळजाजी. हे राज्य श्रीमंत समजलं जायचं, आणि श्रीमंतीचं कारण एकच, कावेरीचं पाणी आणि त्यावरचं भात. सरकारचा वाटा तो मेलवारम्, कसणाऱ्याचा वाटा तो कुडिवारम्. मेल म्हणजे वरचा, कुडि म्हणजे रयत. शब्दांतच राज्यव्यवस्था आली. राजवाडा, नाटकशाळा, छत्रं, विद्वानांना दिलेली गावं, ग्रंथालयाच्या पोथ्या, सगळं या वरच्या वाट्यातून. आपण सरस्वती महालात जाऊन ताडपत्रं पाहतो तेव्हा खरं तर रूपांतर झालेलं भातच पाहत असतो.

या भातावर अर्काटच्या नवाबाचा, मुहम्मद अलीचा डोळा होता. नवाब स्वतः कर्जात बुडालेला, आणि त्याचे सावकार कोण, तर मद्रासच्या कंपनीतलेच इंग्रज नोकर. १७७३ साली कंपनीच्या फौजेनं नवाबासाठी तंजावर घेतलं. तुळजाजी कैदेत पडले. तीन वर्षं मुलूख नवाबाकडे होता, आणि त्या तीन वर्षांत तंजावरचा महसूल नवाबाने आपल्या सावकारांना लावून दिला.

लंडनच्या संचालकांना हे पटलं नाही. त्यांनी लॉर्ड पिगट यांना मद्रासचे गव्हर्नर करून पाठवलं. हुकूम होता, तंजावरचं राज्य राजाला परत करा. १७७६ च्या एप्रिलमध्ये पिगट स्वतः तंजावरला आले आणि तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवलं. झालं, तेवढ्यात बेनफिल्ड उभा राहिला. हा कंपनीचा दुय्यम दर्जाचा नोकर, पगार वर्षाला काही शे पौंड. त्याचा दावा असा की नवाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावरच्या महसुलावर माझे एक लाख बासष्ट हजार पौंड आहेत, आणि शिवाय तंजावरच्या लोकांना दिलेल्या कर्जापोटी त्यांच्या पिकावर बहात्तर हजार पौंड आहेत. राजा परत आला म्हणून माझं पीक कुठे जाईल?

पिगट नाही म्हणाले. कौन्सिल आधी त्यांच्या बाजूनं होतं, मग फिरलं. बहुमत बेनफिल्डकडे गेलं. भांडण इतकं विकोपाला गेलं की २४ ऑगस्ट १७७६ रोजी मद्रासच्या कौन्सिलच्या सदस्यांनी आपल्याच गव्हर्नरला अटक केली. १७७७ च्या मे महिन्यात पिगट कैदेतच वारले. कंपनीच्या इतिहासात असं दुसरं प्रकरण मिळणं कठीण. आणि भांडणाच्या तळाशी काय होतं? कावेरीच्या खोऱ्यातलं भात कोणाचं, एवढाच प्रश्न.

बेनफिल्डला परत बोलावलं गेलं. शिक्षा? १७८० साली तो क्रिकलेडचा खासदार झाला आणि थोड्याच काळात कंपनीच्या नोकरीत परत घेतला जाऊन मद्रासला आला. खासदारकी चालूच. एडमंड बर्क यांनी २८ फेब्रुवारी १७८५ रोजी अर्काटच्या नवाबाच्या कर्जांवर पार्लमेंटात जे गाजलेलं भाषण केलं, त्यात बेनफिल्डवर आसूड ओढले आहेत. हिंदुस्थानातल्या कर्जाच्या पैशावर पार्लमेंटातल्या जागा मिळवल्या जातात, हा त्यांचा मुख्य घाव. क्रिकलेडच्या मतदारसंघातला भ्रष्टाचार इतका बोलबाल्याचा झाला होता की १७८२ साली कायदा करून आसपासच्या भागाला तिथे मताचा हक्क द्यावा लागला. शेवटी बेनफिल्डचं दिवाळं निघालं आणि तो पॅरिसमध्ये गरिबीत मेला. पण तंजावरच्या शेतकऱ्याला त्याचं काय?

त्याच्यापुढे हैदर येत होता.

१७८१ साली हैदर अलीची फौज तंजावरच्या मुलखात उतरली. तंजावरचा किल्ला सोडून बाकी सगळा मुलूख काही महिने त्याच्या हातात होता. पिकं जाळली गेली, गुरं नेली, माणसं नेली, पाटबंधारे मोडले. मागोमाग दुष्काळ. आपल्या पापनाशमच्या तीन हजार कलमांसारख्या कोठारांची अशा वेळी काय कथा?

या काळातला एक प्रसंग मला सगळ्या तंजावरच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किल्ल्यात धान्य संपत आलं होतं. आश्चर्य म्हणजे बाहेर धान्य होतं. पण शेतकरी ते आत आणायला तयार नव्हते. बैल देईनात. का? कारण आधी आणलेल्याचे पैसे मिळाले नव्हते. राजाच्या माणसांच्या शब्दावर विश्वास नाही, कंपनीच्या शब्दावरही नाही. शेवटी राजानं श्वार्ट्झला बोलावलं. हा जर्मन पाद्री, ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ. पुढे दुसऱ्या सरफोजींना ज्यानं शिकवलं, सांभाळलं, तोच. तंजावरच्या चर्चमध्ये सरफोजींनी त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं, ते तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. श्वार्ट्झने गावोगाव निरोप पाठवले. पैशाची हमी मी देतो, म्हणाला. एक-दोन दिवसांत हजार बैल मिळाले आणि किल्ल्यात धान्य आलं ऐंशी हजार कलम.

आकडा पाहा. ऐंशी हजार कलम. पापनाशमच्यासारखी सव्वीस-सत्तावीस कोठारं भरतील एवढं. एवढं भात मुलखात होतं, हैदरच्या स्वारीच्या काळातही होतं. राजाकडे नव्हता तो शब्द.

हे मराठीत सांगताना आपल्याला जड जातं, मला ठाऊक आहे. तंजावर म्हटलं की आपण अभिमानानं बोलतो. सरफोजींचं ग्रंथालय, शहाजीराजांची नाटकं, भरतनाट्यम, मराठी कीर्तनाची परंपरा. ते सगळं खरं आणि मोलाचं. पण त्याच राज्यात तुळजाजींच्या शेवटच्या वर्षांत वसुली इतकी कडक झाली की हजारो कुळं शेतं टाकून निघून गेली. त्यांना परत आणायलाही पुन्हा श्वार्ट्झलाच सांगावं लागलं, आणि त्याच्या शब्दावर सात हजार माणसं परतली असं त्याच्याच चरित्रसाधनांत आहे. कुणी म्हणेल, पाद्र्याची बाजू आहे, तो स्वतःचं महत्त्व वाढवून सांगणार. थोडं असेलही. पण नवाबाची लूट, कंपनीचं कर्ज आणि हैदरची स्वारी या तिन्हींचा बोजा शेवटी ज्याच्या मेलवारम् वर पडला, तो राजा रयतेकडून तो वसूल करणार, हे समजायला पाद्री लागत नाही. आपल्या राजांना यातून सोडवून सगळं इंग्रजांवर घालणं सोपं आहे. मला ते प्रामाणिक वाटत नाही. आणि उलट, मराठे परके होते म्हणून त्यांनी लुटलं, असं तिकडे काही जण लिहितात, तेही अर्धवटच. मुलखातले मिरासदार, मराठी हिशेबनीस, तेलुगू पंडित, तमिळ कणक्कपिळ्ळै, सगळे त्याच एका भाताच्या वाटणीत बसलेले होते.

पुढचं थोडक्यात. १७९९ साली सरफोजींनी तहानं मुलखाचा कारभार कंपनीला दिला. त्यांच्याकडे किल्ला राहिला, वर्षाला एक लाख पगोडे आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. म्हणजे पापनाशमच्या भातात मराठ्यांचा थेट हात सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर होता, त्यातली तीन वर्षं नवाबाची. १८५५ साली गादीही संपली.

हे सगळं आपल्याला कळतं कशावरून? इंग्रजी कागद आहेतच. पण तंजावरच्या दरबाराचे मोडी कागद आहेत, रुमालांमध्ये बांधलेले, शेकड्यांनी. देणं-घेणं, छत्रांचा खर्च, देवळांचे नैवेद्य, गाड्यांची भाडी, धान्याची मापं. भाषा मराठी, पण शब्द निम्मे तमिळ. कलम, मरक्काल, छत्रम् हे सगळं मोडी वळणात. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं यातले निवडक कागद तमिळमध्ये भाषांतर करून छापले. मराठी कागद वाचायला मराठी माणसाला आधी तमिळ शिकावं लागेल, अशी वेळ आली आहे. गमतीनं म्हणतोय, पण पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, दरवर्षी शेकडो लोक शिकतात आणि मग सरावाला काय वाचायचं म्हणून विचारतात. त्यांना मी हे सांगतो. भोसल्यांची पत्रं वाचायला सगळेच धावतात. नैवेद्याच्या तांदळाचा हिशेब वाचा. राज्य कसं चाललं ते तिथे कळेल.

आता आजचं. पापनाशमच्या आसपास मोठं पीक सांबा, हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीत कापणी. त्याआधीचं कुरुवै, पाणी जूनमध्ये मेट्टूरहून वेळेवर सुटलं तर. मेट्टूरचं धरण १९३४ चं, आणि १२ जून ही पाणी सोडायची रूढ तारीख. कुरुवैची कापणी येते ती नेमकी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर. सरकार भात थेट विकत घेतं, त्यासाठी गावोगाव खरेदी केंद्रं आहेत. नियम असा की भातात ओल सतरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. पाऊस चालू असताना सतरा टक्के आणायची कुठून? म्हणून दर एक-दोन वर्षांनी मागणी होते की मर्यादा वाढवा, केंद्राचं पथक येतं, नमुने घेतं. तोपर्यंत शेतकरी काय करतो? डांबरी रस्त्याची एक बाजू धरून भात पसरतो, पायानं ओळी ओढत वाळवतो, ढग आले की ताडपत्री टाकतो. तुम्ही ऑक्टोबरात त्या रस्त्यानं गेलात तर तुमची गाडी या भाताच्या कडेनंच जाईल. ड्रायव्हर शिव्या घालेल. त्याला घालू देऊ नका.

चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी ऐंशी टन भात कोरडं राहील अशी विटांची इमारत इथे बांधली आणि ती अजून उभी आहे. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर पोती ताडपत्रीखाली कोंब धरतात. मी तज्ज्ञ नाही, सरकारी गोदामांचा प्रश्न एका जुन्या इमारतीनं सुटत नाही हे मलाही कळतं. आजचं पीक त्या काळाच्या कितीतरी पट आहे. पण त्या रस्त्यावर उभं राहून दोन्ही गोष्टी एका नजरेत घेतल्या की वारसा या शब्दाचा अर्थ जरा बदलतो. तिथला शेतकरी हे कोठार पाहायला येत नाही. आला तर त्याचा पहिला प्रश्न बांधकामाच्या शैलीबद्दल नसतो. त्याला हवं असतं ते हे, की ओल आत शिरू नये म्हणून काय केलं होतं. पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर या प्रश्नाचं उत्तर चित्र काढून लिहिलं पाहिजे, अशी माझी सूचना आहे. सनावळ्या नंतर.

जायचं असेल तर सोय सोपी आहे. तंजावर-कुंभकोणम मार्गावरच्या बहुतेक पॅसेंजर गाड्या पापनाशमला थांबतात आणि बस तर दर थोड्या वेळानं आहे. सकाळी लवकर निघा, कारण दक्षिणेतली देवळं दुपारी बंद होतात. 'तिरुप्पालैत्तुरै कोविल' असं विचारा. कोठारासाठी 'नेल् कळंजियम्' म्हणा, लोक हातानं दाखवतील. फोटो काढताना शेजारी माणूस उभा करा, नाहीतर उंचीचा अंदाज येत नाही. एकशे आठ लिंगांचं देऊळ त्याच फेरीत होतं. वेळ उरला तर याच तालुक्यातल्या मेलट्टूरला जा. नरसिंह जयंतीच्या सुमाराला गेलात तर रात्रभर चालणारा भागवत मेळा पाहायला मिळेल. प्रह्लादाचं नाटक, सगळी पात्रं पुरुषांची, भाषा तेलुगू, प्रेक्षक तमिळ, आणि ज्यांच्या आश्रयाखाली हे वाढलं ते राजे मराठी.

पुढच्या भागात आपण तिथेच, मेलट्टूरला जाणार आहोत. तोवर तुमच्या गावाकडे जुनं कोठार, बळद किंवा पेव अजून शाबूत असेल तर मोजमाप घ्या. उंची, घेर, तोंड कुठल्या बाजूला आहे ते आणि आत काय साठवत होते ते. घरातल्या वयस्कर माणसांना विचारून लिहून ठेवा. मापाचं नाव विसरू नका.